सोमवारीच लेबलिंग का घसरते? गॅलियम, चिलेटर आणि सुट्टीत मुरलेले आम्ल

मूळच्या तासगावच्या आणि सध्या मिरजेतील एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करणाऱ्या एका तरुण रसायनतज्ज्ञ मुलीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा जर्मेनियम-६८ चा जनरेटर नऊ महिने जुना आहे. मंगळवार ते शनिवार डोटाटेटचे लेबलिंग ९५ टक्क्यांच्या वर जाते, सोमवारी मात्र ६० ते ६५ टक्क्यांवर अडते. शनिवारी दुपारी बारापासून सोमवारी सकाळी आठपर्यंत जनरेटर तसाच पडून असतो; त्या काळात साठलेल्या झिंकमुळे असे होते, असे सगळे सांगतात. ते खरे आहे का? आणि हाच डोटा अँटिबॉडीला जोडून गॅलियमने प्रतिमा घेता येईल का?" इतर वाचकांसाठी एवढेच सांगते: या जनरेटरच्या स्तंभात किरणोत्सारी जर्मेनियम-६८ पासून गॅलियम-६८ तयार होत राहते, आणि स्तंभातून आम्ल सोडून ते धुऊन काढणे म्हणजे इल्यूशन. डोटाटेट हे गाठीला चिकटणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; डोटा हा त्याला जोडलेला, धातूला पकडणारा रेणू म्हणजे चिलेटर; आणि त्या चिलेटरमध्ये गॅलियम बसवणे म्हणजे लेबलिंग.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की झिंक साठते हे खरे, पण तुमच्या सोमवारचा दोष केवळ त्याच्यावर टाकता येत नाही, आणि हे मी अंदाजाने नव्हे तर साध्या हिशेबावरून सांगते आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. त्याची कारणे पुढे देते. मात्र दोन्ही उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात. चिलेटरला धातू किरणोत्सारी आहे की साधा, हे कळत नाही. त्याला कळतो तो धातूचा विद्युतभार, त्याचा आकार, आणि तो किती संख्येने समोर आला आहे हे.

तुम्ही तासगावच्या आहात, तेव्हा चिलेट म्हणजे काय हे द्राक्षबागेतूनच सांगणे मला सोपे वाटते. चुनखडीच्या जमिनीत, जिथे सामू (पी.एच.) आठच्या वर जातो, तिथे नुसते फेरस सल्फेट टाकले तर लोहाचे हायड्रॉक्साइड होऊन ते मातीत बसते, मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडून केवडा दिसू लागतो. म्हणून शेतकरी चिलेटेड फेरस आणतो. त्यात लोहाचा अणू एका सेंद्रिय रेणूने चारी बाजूंनी धरलेला असतो, त्यामुळे तो पाण्यात विरघळलेलाच राहतो. त्यातही अनुभवी बागायतदार ई.डी.टी.ए. आणि ई.डी.डी.एच.ए. यांत फरक करतात, कारण सामू वाढला की पहिल्याची पकड सुटते आणि दुसऱ्याची टिकते.

तीन धन विद्युतभाराचा गॅलियम आयन आकाराने आणि स्वभावाने तीन धनभाराच्या लोहाचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. तो इतका जवळचा आहे की रक्तातील लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन मोकळ्या गॅलियमलाही उचलते. गॅलियमही सामू वाढला की हायड्रॉक्साइड होऊन कलिल रूपात, म्हणजे द्रावणातल्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बसतो, आणि त्यालाही घट्ट धरणारा रेणू लागतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या पी.एस.एम.ए.-११ या औषधातील एच.बेड-सी.सी. हा चिलेटर रचनेने बागेतल्या ई.डी.डी.एच.ए.चा जवळचा भाऊ आहे. दोघांतही दोन नायट्रोजन, दोन फिनॉलचे ऑक्सिजन आणि दोन कार्बोक्सिल गट धातूला धरतात. तुमच्या वडिलांच्या बागेत ठिबकमधून जाणारी तांबूस पावडर आणि पेट स्कॅनमध्ये चमकणारी गाठ यांच्यामागे एकच रसायनशास्त्र आहे, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही मनापासून सुंदर वाटते.

आता हिशेब करू. समजा तुमच्या हाती १ गिगाबेकरेल, म्हणजे सुमारे २७ मिलिक्युरी, गॅलियम-६८ आले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६८ मिनिटांचे असल्यामुळे त्यात प्रत्यक्ष अणू फारच थोडे असतात: साधारण १० पिकोमोल, वजनाने एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. डोटाटेट तुम्ही ३० मायक्रोग्रॅम घेत असाल तर ते सुमारे २१ नॅनोमोल, म्हणजे २१,००० पिकोमोल होते. म्हणजे दर दोन हजार पेप्टाइड रेणूंमागे एकालाच गॅलियम मिळतो, आणि बाकीचे सर्व रिकाम्या हातांनी उभे असतात. इतके पेप्टाइड असूनही लेबलिंग ६० टक्क्यांवर अडते, याचा अर्थ ते रिकामे हात दुसऱ्या कोणीतरी भरले आहेत, किंवा गॅलियमच हाताला लागण्याच्या रूपात राहिलेला नाही.

झिंक येते कुठून? गॅलियम-६८ चा क्षय होऊन झिंक-६८ तयार होते. ते स्थिर असते आणि पुढच्या इल्यूशनपर्यंत जनरेटरच्या स्तंभात साचत राहते. चोवीस तास जनरेटर न वापरता ठेवला तर गॅलियमच्या एका अणूमागे झिंकचे जवळपास चौदा अणू जमतात, आणि तुमच्या शनिवार ते सोमवारच्या ४४ तासांत ही संख्या सव्वीसच्या आसपास जाते. आकडा मोठा वाटतो. पण १० पिकोमोलचे सव्वीसपट म्हणजे २६० पिकोमोल, म्हणजे पाव नॅनोमोलहून थोडे जास्त. २१ नॅनोमोल पेप्टाइडापुढे ते सव्वा टक्काही नाही. सव्वा टक्के हात भरल्याने ३० टक्के लेबलिंग जात नाही. तुम्ही पेप्टाइड एक-दोन नॅनोमोलवर आणले असते, तर मात्र हेच झिंक खरोखर आडवे आले असते.

आता लोहाकडे पाहा. एक मायक्रोग्रॅम लोह म्हणजे जवळपास १८ नॅनोमोल. मिठाच्या एका कणाहूनही हलका असलेला हा कण तुमचे बहुतेक सगळे पेप्टाइड गिळू शकतो. उरलेले तीन नॅनोमोल गॅलियमपेक्षा संख्येने तरीही कितीतरी जास्त असतात, पण अभिक्रियेचा वेग मोकळ्या पेप्टाइडच्या संहतीवर चालतो. ती सातपट घटली की जे काम दहा मिनिटांत पुरे होत होते ते दहा मिनिटांत अर्धेमुर्धेच होते. तुमचा ६० टक्क्यांचा आकडा मला तसाच दिसतो.

म्हणून सोमवारी काय वेगळे असते याचा शोध घेताना जनरेटरच्या आत काय साचले यापेक्षा शनिवारपासून सोमवारपर्यंत आम्ल कुठे आणि कशाला लागून राहिले, हे आधी पाहावे. मी कामाला लागले त्या सुरुवातीच्या काळात आमच्या प्रयोगशाळेत हाच दोष निघाला होता. इल्यूशनसाठीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीच्या रबरी बुचात स्टेनलेस स्टीलची लांब सुई शनिवारी टोचलेलीच राहायची, कारण सोमवारी पुन्हा टोचावी लागू नये. सुई चकचकीत होती आणि आम्ल पाण्यासारखे स्वच्छ दिसत होते. पण ०.१ मोलर आम्लात दोन दिवस बुडालेले स्टील लोह सोडते, थोडे निकेल आणि क्रोमियमही सोडते, आणि हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. आम्ही तीन सोमवार पेप्टाइडच्या पुरवठादाराला दोष देत राहिलो. चौथ्या सोमवारी एका सहकाऱ्याने नवी बाटली फोडून प्लॅस्टिकच्या नळीने आम्ल घेतले आणि लेबलिंग ९७ टक्क्यांवर गेले. त्या दिवशी ती सुई मी हातात धरून नीट पाहिली. आम्लाच्या पातळीपर्यंत तिची झळाळी किंचित मंद झाली होती, नखाने चाचपल्यावरच जाणवावी इतकी.

तेव्हा तुम्हीही असेच करा. येत्या सोमवारी पहिले इल्यूशन ताज्या, धातुमुक्त दर्जाच्या आम्लाने करा. हे आम्ल काचेच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या बाटलीतले असावे. नळीतले पहिले काही मिलिलिटर आम्ल, जे दोन दिवस तिथेच उभे होते, ते वेगळे काढून कचऱ्याच्या शिशाच्या डब्यात जाऊ द्या. दुसरी कोणतीही गोष्ट बदलू नका. एकाच दिवशी आम्ल, बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) आणि पेप्टाइड तिन्ही बदलले तर लेबलिंग सुधारेल, पण कशामुळे सुधारले हे कधीच कळणार नाही.

झिंकचा बंदोबस्त तर फुकटातच होतो, म्हणून तोही करावा. सोमवारी सकाळी आल्याबरोबर एक इल्यूशन काढून बाजूला ठेवा आणि दोन तासांनी दुसरे घ्या. त्या दोन तासांत गॅलियम पूर्ण क्षमतेच्या सुमारे ७० टक्के परत भरते आणि झिंकचे अणू मात्र गॅलियमच्या अणूंपेक्षाही कमी असतात. पहिला रुग्ण साडेदहाला बोलावला की हे सहज बसते.

पाण्याबद्दल दोन शब्द. विश्रामबागेतल्या आमच्या घरी बोअरच्या पाण्याने किटली महिनाभरात आतून पांढरी होते. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा थर असतो. डोटा कॅल्शियमलाही बऱ्यापैकी धरतो. रुग्णालयातील साध्या डिस्टिल्ड पाण्याचे यंत्र हेच पाणी उकळून चालते, आणि त्याच्या जोडण्या अनेकदा पितळी असतात, म्हणजे तांबे आणि झिंक दोन्ही आले. बफर अशा पाण्यात बनवत असाल तर आधी ते थांबवा. बफर चिलेटिंग रेझिनवरून गाळून घ्यावा, बफरचे क्षार प्लॅस्टिकच्या चमच्याने मोजावेत, आणि सामू तपासताना काचेचा इलेक्ट्रोड भांड्यात बुडवू नये. एक थेंब काढून सामूच्या पट्टीवर टाकावा.

तुमच्या एकूण अडचणीचे मोजमाप करण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. एकाच इल्यूशनचे चार सारखे भाग करा आणि त्यांत अनुक्रमे २, ५, १० आणि २० नॅनोमोल पेप्टाइड घालून लेबलिंग करा. ज्या मात्रेखाली टक्केवारी कोसळते, त्याच्या आसपास त्या एका भागातल्या स्पर्धक धातूंची बेरीज असते. हे काम शुक्रवारी एकदा आणि सोमवारी एकदा करा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच तुमची आठवडाअखेर. लोहाचे प्रमाण नेमके हवे असेल तर नमुना धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आय.सी.पी.-एम.एस. यंत्रावर पाठवावा लागेल, पण तो पूर्णपणे क्षय पावल्यानंतरच, आणि तुमच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच पाठवावा.

जनरेटर नऊ महिने जुना आहे, ही बाबही महत्त्वाची आहे. जर्मेनियम-६८ चे अर्धायुष्य २७१ दिवसांचे, म्हणजे तुमचा जनरेटर आता निम्मा झाला आहे. पण आम्लातून आणि स्तंभाच्या पदार्थातून सुटणारा धातू निम्मा होत नाही. जो दोष पहिल्या महिन्यात ९६ चे ९३ करून गप्प बसत होता, तोच आता उघडा पडतो. त्यातच मात्रा पुरत नाही म्हणून जास्त आकारमान इल्यूट केले तर आम्लही जास्त येते, बफर पुरत नाही, आणि सामू खाली जातो. स्तंभ जुना होतो तसा जर्मेनियम सुटण्याचा धोकाही वाढतो. तयार औषधात त्याचे प्रमाण एकूण सक्रियतेच्या ०.००१ टक्क्याच्या आत असावे लागते, आणि ते तपासण्यासाठी नमुना दोन दिवस ठेवून, सर्व मूळ गॅलियम संपल्यावरच मोजावा लागतो.

सामूकडे मी सर्वांत जास्त लक्ष देते. तो तीनच्या खाली असेल तर डोटाच्या बाहूंवरचे कार्बोक्सिल गट प्रोटॉन धरून बसतात आणि धातूला हात देत नाहीत. पाचच्या वर गेला तर गॅलियम हायड्रॉक्साइडच्या कलिलात जातो, आणि मग पेप्टाइड कितीही घाला, तो परत येत नाही. साडेतीन ते साडेचार ही वाट अरुंद आहे. ॲसिटेट किंवा हेपेस बफर तिथे सामू तर राखतोच, शिवाय ॲसिटेट गॅलियमला सैल हाताने धरून ठेवते आणि डोटाकडे जाईपर्यंत त्याचे हायड्रॉक्साइड होऊ देत नाही.

यावरून तुमच्या गुणवत्ता तपासणीबद्दल एक शंका मनात येते. ६० टक्के हा आकडा तुम्ही कोणत्या टी.एल.सी. पट्टीवरून (जिच्यावर द्रावण वर चढताना घटक वेगळे होतात) काढता, हे तुम्ही लिहिलेले नाही. सायट्रेटच्या द्रावणात मोकळा गॅलियम पट्टीच्या टोकाला जातो, आणि लेबल झालेले पेप्टाइड खाली राहते. पण कलिलही खालीच राहते. म्हणजे केवळ सायट्रेट पट्टीवर विसंबले तर कलिलही लेबलिंग म्हणून मोजले जाते. म्हणून दुसरी पट्टी, अमोनियम ॲसिटेट आणि मिथेनॉल समप्रमाणात घेऊन, तितकीच आवश्यक आहे. तिच्यात पेप्टाइड वर चढते आणि कलिल तळाशी अडकते. तुमचे उरलेले ३५ ते ४० टक्के मोकळा गॅलियम असेल तर दोष स्पर्धक धातूंचा किंवा कमी सामूचा आहे. ते कलिल असेल तर सामू वर गेला आहे, आणि वर सांगितलेला सुईचा शोध तुम्हाला काहीच देणार नाही. हे आधी ठरवा, मग बाकीचे करा. रुग्णाच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे, कारण कलिल यकृत आणि प्लीहा यांत जाऊन बसते, आणि यकृतातली छोटी गाठ त्या उजेडात झाकली जाते. मोकळा गॅलियम सी-१८ कार्ट्रिजवर (पेप्टाइड धरून ठेवणाऱ्या गाळणनळीवर) पाण्याने धुऊन काढता येतो, म्हणून रुग्णापर्यंत पोचणारे औषध शुद्ध असू शकते, पण हातात येणारी मात्रा घटलेलीच राहते आणि तिसऱ्या रुग्णाला परत पाठवावे लागते. कोकरूड किंवा जतहून पहाटेची एस.टी. धरून उपाशीपोटी आलेल्या माणसाला आज तपासणी होणार नाही असे सांगणे काय असते, हे तुम्ही एव्हाना अनुभवले असेलच.

आता अँटिबॉडीकडे वळू. डोटाटेटमधील पेप्टाइड आठ अमिनो आम्लांचे, लहान आणि कणखर असते; ते ९५ अंश सेल्सियसवर दहा मिनिटे तापवले तरी टिकते. ही उष्णता डोटाला लागतेच, कारण त्याचे बारा अणूंचे वलय ताठर आहे आणि धातूला आत शिरायला वेळ लागतो. एकदा शिरलेला धातू सहज बाहेर येत नाही, हा त्याच ताठरपणाचा फायदा. अँटिबॉडी मात्र सुमारे दीड लाख डाल्टनचे प्रथिन आहे. ९५ अंशांवर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठून जाईल. उष्णतेचा प्रश्न एच.बेड-सी.सी. सारख्या चिलेटरने सुटतो, कारण तो खोलीच्या तापमानालाही गॅलियम झटकन धरतो. पण काळाचा प्रश्न सुटत नाही. पेप्टाइड तासाभरात रक्तातून निघून गाठीत आणि लघवीत जाते, म्हणून ६८ मिनिटांचे अर्धायुष्य त्याला पुरते. अख्खी अँटिबॉडी रक्तात दिवसचे दिवस फिरते, आणि गाठ पार्श्वभूमीतून उठून दिसायला तीन ते सहा दिवस लागतात. तोपर्यंत गॅलियमचा एक अणूही उरलेला नसतो. किरणोत्सारी धातूचे आयुष्य रेणूच्या शरीरातील प्रवासाशी जुळायला हवे, ही अट चिलेटरच्या निवडीच्याही आधी येते.

म्हणून अख्ख्या अँटिबॉडीसाठी झिर्कोनियम-८९ वापरतात. त्याचे अर्धायुष्य ७८.४ तासांचे आहे आणि तोही पेट स्कॅनला लागणारे पॉझिट्रॉन देतो. त्याच्यासाठीचा चिलेटर डेस्फेरिऑक्सामिन; थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरातले जादा लोह काढण्यासाठी रात्रभर पंपाने दिले जाणारे औषध ते हेच. मूळचा हा जिवाणूने लोह मिळवण्यासाठी बनवलेला रेणू आहे. त्याचे आयसोथायोसायनेट रूप बाजारात मिळते, आणि ते अँटिबॉडीवरच्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटांना सामू नऊच्या आसपास जोडले जाते. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो. चिलेटर डी.एम.एस.ओ. या द्रावकात विरघळवून अगदी थोड्या आकारमानात, थेंबाथेंबाने आणि सतत हलवत घालावा. एकदम ओतला तर थेंब पडतो तिथली अँटिबॉडी गढूळ होऊन गुठळी धरते, आणि ती गुठळी पुन्हा विरघळत नाही.

इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. एका अँटिबॉडीवर ऐंशीच्या आसपास लायसिन असतात, त्यामुळे दहा चिलेटर चिकटवणे काहीच अवघड नाही, आणि लेबलिंगचा आकडाही छान येतो. पण लायसिन कुठला धरला जाईल हे आपल्या हाती नसते. प्रतिजनाला (अँटिबॉडीच्या लक्ष्याला) ओळखणाऱ्या टोकावरचा लायसिन झाकला गेला तर ती अँटिबॉडी गाठीला ओळखणेच विसरते, आणि फार बदललेल्या अँटिबॉडीला यकृत रक्तातून लवकर उचलून नेते. सरासरी एक ते दोन चिलेटर, फार तर तीन, एवढ्यावर थांबावे. लेबलिंगनंतर तिची प्रतिजनाला बांधण्याची क्षमता पेशींवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते ही तपासणी लेबलिंगच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

डेस्फेरिऑक्सामिनची एक उणीवही माहीत असू द्या. तो धातूला सहा ठिकाणी धरतो, तर झिर्कोनियमला आठ जागांची ओढ असते. त्यामुळे काही दिवसांत थोडा झिर्कोनियम सुटतो आणि हाडांच्या खनिजात जाऊन बसतो. उंदरांच्या प्रतिमांत सांधे आणि मणके उजळलेले दिसतात ते यामुळे. हाडात पसरलेल्या कर्करोगाचा शोध घेताना हा उजेड फसवा ठरू शकतो. आठ जागांनी धरणारे त्याचे सुधारित रूप तयार झालेले आहे, आणि नव्याने सुरुवात करायची असेल तर मी त्यानेच करेन.

झिर्कोनियमसाठी तुमच्या विभागाला वेगळी परवानगी, जास्त जाड संरक्षण आणि दीर्घकाळ साठवणीची सोय लागेल, कारण त्याचा ९०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण तुमच्या सध्याच्या शिशाला सहज ओलांडतो. तोपर्यंत जोडणीचा सराव किरणोत्साराशिवाय करता येतो. साधी मानवी आय.जी.जी. (रक्तातील नेहमीची अँटिबॉडी) घ्या, तिला चिलेटर जोडा, आणि साध्या फेरिक क्लोराइडचे मोजून थेंब घाला. डेस्फेरिऑक्सामिन लोहाला धरले की द्रावण नारिंगी होते, आणि त्या रंगाच्या तीव्रतेवरून अँटिबॉडीमागे किती चिलेटर बसले हे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येते. तो रंग पहिल्यांदा चढताना पाहिला की बागेतल्या चिलेटेड फेरसची आठवण तुम्हाला नक्की येईल. सोमवारच्या दोन्ही पट्ट्यांचे आकडे आले की मला कळवा, म्हणजे पुढचे पाऊल ठरवू.